भाऊजींचा उतार

ऐक, फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस. फोन वाजला तरी वाजू दे, ताईचाच असणार. तिला काय सांगायचं ते माझं मघाशी सांगून झालंय. आधी सगळं ऐकून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

आमचे भाऊजी आठवतात ना तुला? अगं ताईचा नवरा. पहिल्याच भेटीत ज्यांनी तुला खुर्चीवरून उठवलं, खुर्ची उलटी केली आणि म्हणाले, हिचा मागचा पाय दोन मिलीमीटर आखूड आहे. हां, तेच. मी मनातल्या मनात त्यांना मिलीमीटरच म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात पंख्याचं बटण कुठलं आणि दिव्याचं कुठलं हे माणसाला कळत नाही, सगळी बटणं खालीवर करत बसतात. पण मिलीमीटर कळतात.

तर हे आधी फरशांच्या शोरूममध्ये होते. गिऱ्हाइकाला फरशी दाखवायची, चहा पाजायचा, हसायचं. बरं चाललं होतं. मग एक दिवस जाहीर केलं, नोकरी सोडली, आता मी लाकडात पडणार. मी म्हटलं, पडा बाई. म्हणजे मोठ्याने नाही म्हटलं. ताई समोर होती, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती जणू त्यांनी लाकडाचा शोधच लावलाय.

आता बाबांचं तुला ठाऊकच आहे. छातीत भुसा बसलाय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कारखान्यात पाय ठेवायचा नाही. ते ठेवतात, तोंडाला रुमाल बांधून कोपऱ्यात बसतात, ते सोड. पण कारखाना कुणाला तरी द्यायला हवा होता. शाळा संपल्यापासून मी तिथे आहे. माझी नखं बघ, बघ ना, ही मुलीची नखं आहेत का? मला वाटलं, यात विचारायचं काय आहे! पण नाही. बाबा जेवताना म्हणाले, "औषधवाल्यांचं कपाट ज्याच्या हातून नीट उभं राहील, त्याच्या हातात किल्ली."

मी ताटात बघत राहिले. म्हणजे मी आणि मिलीमीटर एका रांगेत! मला परीक्षेला बसवलं याचा राग नव्हता गं, कुणाबरोबर बसवलं याचा होता.

औषधवाले काका म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना भिंतभर उंच कपाट हवं होतं, त्यात पुष्कळ फळ्या, बाटल्या ठेवायला. बाबांनी माळ्यावरून दोन अखंड लांब तक्ते काढले, कपाटाच्या दोन बाजूंसाठी. जुनं, वाळलेलं, गाठ नसलेलं लाकूड. तसे अजून दोनच राहिले होते वर. असलं लाकूड आता मिळतच नाही, त्यामुळे चुकलं तर चुकलंच. आणि त्या बाजूंमध्ये आडव्या खाचा पाडायच्या, म्हणजे प्रत्येक फळी दोन्हीकडून खाचेत सरकून बसते. खाच वाकडी तर फळी वाकडी, इतकं सोपं.

भाऊजी लगेच उभे. "खाचा मी मारणार. माझं मशीन आलंय."

आलंय म्हणजे काय, वरात आली होती. नवा राउटर, नवी रेल, नवा गॉगल, आणि एप्रन असा की त्याला खिसेच खिसे, आणि सगळ्या खिशांत पेन्सिली. राउटर म्हणजे तुला सांगते, दोन्ही हातांनी धरायचं मशीन, खाली फिरणारं पातं, बिट म्हणतात त्याला, ते लाकूड खात जातं. आणि रेल म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पट्टी. ती लाकडावर घट्ट बसवायची, मशीन तिच्यावरून सरकवायचं, की खाच सरळ येते. आता यात एक गोम आहे. मशीनचा अर्धा तळ रेलवर असतो आणि अर्धा रेलच्या बाहेर. रेलला जाडी असते ना, म्हणजे बाहेरचा अर्धा भाग हवेत लटकतो. तू एक पाय पायरीवर आणि एक अधांतरी ठेवून उभी राहा, काय होईल? तेच होतं. मशीन त्या बाजूला कलतं, पातं तिरकं होतं आणि खाचेचं वाटोळं.

त्यावर उपाय पोरासोरालाही सुचेल असा आहे. हवेतल्या बाजूखाली रेलच्या जाडीचाच प्लायचा तुकडा चिकटवायचा. झालं, दोन्ही पाय जमिनीवर. मी तो तुकडा घासून तयारसुद्धा ठेवला होता. बोटाने चाचपून बघितलं, कागदाइतकाही फरक नाही. म्हटलं जाऊ दे, कसा का असेना, ताईचा नवरा आहे. नेऊन हातात दिला.

त्यांनी तो दोन बोटांत असा धरला, जणू ताटात झुरळ निघालंय.

"हे काय?"

"मशीनला पाय. नाहीतर कलेल."

"अगं बाळ," म्हणाले. बाळ! "हे असले जुगाड मशीन ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी. मशीनला हात लागतो, हात. वजन रेलवर टाकायचं, अंग रेलवर ठेवायचं, मग कशाला कलतंय!"

आणि तुकडा खिडकीत ठेवून दिला. ताई म्हणाली, "त्यांनी अभ्यास केलाय गं." केलाय ना. रोज रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन केलाय.

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "करू दे त्याला." मग खोकले.

आता पुढचं ऐक, इथे खरी मजा आहे. रेल लाकडावर दोन्ही टोकांना आवळायची असते, एक शिकंजा, म्हणजे स्क्रूने आवळायचा चाप, पुढे, एक मागे. शिकंजे बरेच होते, पण निम्मे तक्ता टेबलाला बांधण्यात गेले, उरले दोन. मिलीमीटरांनी एक पुढच्या टोकाला लावला. आणि दुसरा? दुसऱ्याने मोबाइल बांधला, स्टुलाला! व्हिडिओ काढायचा होता. मी डोळे चोळून बघितलं. म्हटलं, "भाऊजी, मागचं टोक मोकळं आहे."

"खाली रबर आहे ना रेलला, ते धरून ठेवतं. कंपनी काय वेडी आहे?"

रबर आहे, बरोबर. रेलच्या पोटाला दोन रबरी पट्ट्या असतात, त्या लाकडाला चिकटतात. पण सकाळी या गृहस्थाने व्हिडिओत चमकावी म्हणून अख्ख्या रेलला फर्निचरचं पॉलिश लावलं होतं. वरून लावलं, कडेने लावलं, उलटी करून पोटालाही लावलं. रबर कसं, तेलात तळून काढल्यासारखं! मी बोट लावलं तर बोट सरकलं. मी परत तोंड उघडलं, तर ताईने मला डोळ्यांनी दटावलं. मग म्हटलं ठीक आहे. कॅमेरा चालू, गॉगल चढला, पोटाचा सगळा भार रेलवर, आणि सुरू.

मशीन कललं नाही हं, खोटं कशाला बोलू. एवढ्या पोटाखाली कशाला कलेल ते? पण अंग टाकून जसजसे ते मागच्या टोकाकडे सरकत गेले, तसतशी रेलही मागच्या टोकाला हळूच बाजूला सरकली. पुढचं टोक जागच्या जागी, मागचं निघालं फिरायला. खाच पुढे बरोबर खुणेवर आणि मागे जाता जाता कपाटाच्या तळाकडे उतरलेली. पहिली तशी, दुसरी तशी. प्रत्येक वेळी ते रेल उचलून पुढच्या खुणेवर लावायचे, पुढचा शिकंजा आवळायचे आणि मोबाइलकडे बघून म्हणायचे, "मित्रांनो, अचूकता!"

मित्रांनो! त्यांना मित्र तरी आहेत का?

मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुझा आवाज रेकॉर्ड होतोय." मग मी हाताची घडी घातली. हो, घातली. आणखी किती सांगायचं माणसाला? शेवटची खाच होईपर्यंत त्यांनी मागे जाऊन एकदाही बघितलं नाही. सगळं आटोपल्यावर मी गुण्या लावला, अगं काटकोन बघायचं ते. गुण्या आणि खाच यांच्यात एवढी फट. सगळ्या खाचा मागे उतरलेल्या, ओळीने. एखादी कमी, एखादी जास्त, पण सरळ एकही नाही.

"तो गुण्या खराब आहे," मिलीमीटर म्हणाले.

बाबा उठले. एकेका खाचेतून बोट फिरवत वरून खालपर्यंत गेले. मग रुमाल खाली करून भाऊजींना म्हणाले, "बाजारातून जरा बिजागऱ्या घेऊन या." कपाटाला दारंच नाहीत, बिजागऱ्या कशाला? पण गेले ते, विचारलंसुद्धा नाही. ताई त्यांच्या मागे गेली.

मी म्हटलं, आता. आता बाबा म्हणतील, चुकलो, ही घे किल्ली.

बाबा म्हणाले, "दुसरी बाजू तू मार. अशीच."

"अशीच म्हणजे?"

"अशीच उतरती. खाचेला खाच जुळली पाहिजे."

मला आधी कळेना. मग कळलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाजूला खाचा उतरत्या आणि दुसरीकडे सरळ पाडल्या, तर फळी पिळवटणार, एक कोपरा वर, एक खाली, बसणारच नाही. दोन्हीकडे सारख्याच उतरत्या असतील तर फळी निदान सपाट बसेल, फक्त मागे झुकलेली. म्हणजे तक्ता वाचवायचा तर त्यांची चूक मी करायची! आणि तीही हुबेहूब, केसाचाही फरक न करता!

"बाबा, मी मुद्दाम वाकडं काम करू?"

"लाकूड वाया जाईल."

"आणि नाव?"

"काम आधी," म्हणाले आणि परत रुमाल बांधला. संपलं. त्या रुमालामागे आमचे बाबा काय काय लपवतात, देव जाणे.

मग मी केलं. केलं कारण त्या तक्त्याची दया आली, माणसांची नाही. रेल उलटी करून स्पिरिटने ते पॉलिश पुसलं, रबर परत चिकट होईपर्यंत. स्टुलावरून मोबाइल सोडवला आणि तो शिकंजा मागच्या टोकाला लावला. खिडकीतून माझा तुकडा आणला आणि मशीनच्या हवेतल्या बाजूखाली चिकटवला. मशीन रेलवर किंचित हलतं, त्यासाठी बाजूला एक स्क्रू असतो, तो फिरवून खडखड काढून टाकली. नुसतं ढकलून बघितलं. लोण्यासारखं गेलं, ना इकडे ना तिकडे. मग दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून भाऊजींची एकेक खाच पेन्सिलीने माझ्या लाकडावर उतरवली, ही इतकी उतरती, ती तितकी, आणि प्रत्येक तिरक्या रेघेवर रेल नव्याने बसवली. एकदम खोल घुसायचं नाही, थोडं थोडं. दाबायचं नाही, फक्त चालवायचं. मशीन स्वतःच्या पायावर उभं असलं की माणसाला जोर लागत नाही. जोर लावणारे फक्त आवाज करतात.

कान दे. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि ते सगळं चुकीचं होतं.

कपाट उभं राहिलं. भाऊजी बिजागऱ्या घेऊन आले, कपाट बघितलं, फळ्यांवर हात फिरवला आणि ताईला म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, गुण्या खराब होता." शपथ. दुसरी बाजू कुणी केली, कशी केली, एक शब्द विचारला नाही. मला वाटतं त्यांना खरंच वाटलं की लाकडाला आपोआप खाचा फुटल्या.

आता औषधवाले काका आले. मी मनात म्हटलं, हे एका नजरेत ओळखणार, आयुष्यभर फळ्याच बघितल्यात यांनी. काकांनी पिशवीतून बाटली काढली, फळीवर ठेवली. बाटली थोडी मागे रेलली आणि बसली. काकांनी कपाटाला धक्का दिला. बाटली हलली नाही. त्यांनी परत जोरात धक्का दिला. मग माझ्या वडिलांकडे वळले, चेहरा असा फुललेला!

"अहो, हे भारी केलंत! माझ्या दुकानासमोरून ट्रक गेला की बाटल्या पुढे पुढे येतात, सारख्या फुटतात. हा मागे उतार द्यायचं कुणाचं डोकं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खोकले.

आणि मिलीमीटर, अगं डोळ्याची पापणी लवली नाही बघ त्या माणसाची. एक सेकंद नाही लागला. एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, कानावर ठेवली आणि म्हणाले, "गुरुत्वाकर्षण, काका. मी आधी जागेचा अभ्यास करतो."

जागेचा अभ्यास! दुकान कुठल्या रस्त्याला आहे हे माहीत नाही त्यांना. काका आल्या आल्या त्यांनाच विचारत होते, पत्ता काय म्हणून.

मला हसू आणि संताप एकदमच येत होता. काका त्यांचा हात हातात घेऊन हलवतायत, "माझ्या दुसऱ्या दुकानालाही असंच पाहिजे, असाच उतार," आणि ताई डोळे पुसतेय, अभिमानाने. मी वाट बघत होते. बाबा आता बोलतील, आता बोलतील. बाबांनी किल्ली काढली. आणि भाऊजींच्या हातात ठेवली.

काका गेल्यावर मी विचारलं. ओरडले नाही, नुसतं विचारलं, "बाबा, तुम्ही बोट फिरवून बघितलं होतंत ना?"

तर काय म्हणाले माहितीये? "त्याला गिऱ्हाइकाशी बोलता येतं. दुकानाला तेच लागतं. खाचा काय, तू मारतेसच."

तू मारतेसच! अगं, मी म्हणजे पंखा का? बटण दाबलं की फिरला? इतके दिवस मला वाटत होतं की घरात मूर्ख एकच आहे, आणि तोही बाहेरून आणलाय. त्या दिवशी कळलं, मूर्ख तर मूर्ख, पण ज्याला सगळं कळतं आणि तरी गप्प बसतो, त्याचं काय करायचं? बाबांचा मला भाऊजींपेक्षा जास्त राग आला. भाऊजींना निदान खरंच वाटतं की ते हुशार आहेत.

आणि भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणतात, "काळजी करू नकोस, तुला काढणार नाही." मोठे उपकार! "तो उतार तेवढा पुढच्या वेळी तूच काढ. मी देखरेख करीन."

पुढची वेळ म्हणजे आज. आता. या क्षणी. म्हणून तर फोन वाजतोय. काकांना इतकं आवडलं की म्हणाले, मला तो उतार कसा काढतात ते बघायचंय, सकाळी येऊन बसतो. आणि आलेत, खुर्ची टाकून बसलेत. माळ्यावरचे ते शेवटचे दोन तक्ते खाली काढलेत. मी काही न सांगता घरातून निघाले आणि सरळ तुझ्याकडे आले. मघाशी तू चहा ठेवायला गेलीस ना, तेव्हा ताईचा पहिला फोन आला. कुजबुजत होती.

"अगं कुठे आहेस? काका वाट बघतायत. हे मागच्या खोलीत जाऊन बसलेत, बिट शोधतो म्हणून."

"सापडेल," मी म्हटलं.

"ये ना गं. हे स्वतःच करायला उभे राहिले तर तक्ता जाईल. बाबांचं नाव जाईल. आणि यांच्या हाताला काही झालं तर?"

"भाऊजींना दे."

आले. आवाजात सगळी साखर. "बाळ, लवकर ये, गिऱ्हाईक थांबलंय."

मी म्हटलं, "येते. गाडी काढली की पोचते. फक्त बाहेर जाऊन काकांसमोर एवढंच म्हणा, मला येत नाही. किल्ली ठेवा तुमच्याकडेच, मला नको. तेवढे तीन शब्द काकांना ऐकू द्या, मग फोन काकांना द्या. लगेच निघते."

तर भाऊजी म्हणाले, "तू घरच्या माणसांना असं वेठीला धरणार?"

मी फोन ठेवला.

तेव्हापासून ताई एकटीच लावतेय. ती रडत असणार, मला माहितीये. पण भाऊजींचा किंवा काकांचा अजून एकही फोन आलेला नाही. म्हणजे ते अजून त्या खोलीत बसलेत, न हरवलेलं बिट शोधत. बाबा बाहेर रुमाल बांधून बसलेत. आणि ते लाकूड टेबलावर पडलंय, ज्याच्यासारखं आता मिळत नाही. त्या तीन शब्दांपेक्षा त्यांना तो तक्ता गेलेला परवडेल, बघ. कदाचित स्वतःचं बोटसुद्धा.

हे बघ, परत वाजला. ताईच.

अगं अशी बघू नकोस माझ्याकडे, खरं सांग. तू काय केलं असतंस?